हिरव्या सटाची झाकणी

मी एक जुना मातीचा सट आहे. सट म्हणजे झाकणीचे मडके. माझी झाकणी आता नाही. मित्रांनो, तुम्ही या लहानशा संग्रहालयात येता, आधी माझ्या तोंडात डोकावता, मग मागे सरता आणि एकमेकांना हळूच विचारता, "आत खरंच होतं का?" काय होतं, ते मोठ्याने कोणी म्हणत नाही. माझ्यासमोरच्या पाटीवर 'वोदनिकचे मडके' असे लिहिले आहे. पाटी लिहिणाऱ्याने मला काही विचारले नव्हते. म्हणून आज मीच सांगतो. माझ्यावरही लगेच विश्वास ठेवू नका. आधी ऐका, मग ठरवा.

बोहेमियाच्या दक्षिणेला, जिथे शेतांपेक्षा तळी जास्त आहेत, तिथल्या एका कुंभाराने मला घडवले. मला आणि झाकणीला त्याने एकाच गोळ्यातून घडवले. दोन गोळ्यांची माती भट्टीत सारखी आटत नाही, आणि मग झाकणी एक तर सैल बसते नाही तर बसतच नाही. त्याने आम्हा दोघांना तांब्याची हिरवी झिलई दिली. फक्त जिथे आम्ही एकमेकांना टेकत होतो तेवढा काठ कोरा सोडला, नाहीतर भट्टीत चिकटून कायमचे बंद झालो असतो. भट्टीतून काढल्यावर त्याने बोटाच्या पेराने मला टकटक वाजवले आणि कान लावून ऐकले. कुंभार फार संशयी असतात. वरून धड दिसणाऱ्या भांड्यात आत तडा असतो हे त्यांना ठाऊक असते. माझा आवाज स्वच्छ आला. मग त्याने झाकणीला वाजवले. तिचा आवाज माझ्यापेक्षा बारीक होता.

जत्रेत मला अपोलेनाने उचलले. ती तेव्हा नवी नवरी होती. बरोबर तिची आई रोझालिया होती.

"हिरवं घेऊ नकोस," रोझालिया म्हणाली. "हिरवं, आणि वर झाकणीचं. घरात तळं नेतेस का?"

"आई, मडकं आहे ते."

"वोदनिकही त्याला मडकंच म्हणतो."

"माझा नवराही हिरवा कोट घालतो. त्याचं काय करू, परत देऊ?"

"त्याच्याबद्दलही मी तुला आधीच सांगितलं होतं," रोझालिया म्हणाली. अपोलेना हसली आणि मला कडेवर घेतले.

आमच्याकडे प्रत्येक तळ्यात एक वोदनिक असतो असे मानतात. हिरव्या कोटातला, चिलीम ओढणारा पाण्यातला म्हातारा. बुडालेल्या माणसांचे जीव तो तळाशी झाकणीच्या मडक्यांत कोंडून ठेवतो. कोणी धीट माणसाने झाकणी उचलली तर जीव बुडबुड्यासारखा वर येतो आणि सुटतो. वोदनिक जमिनीवर आला की तुमच्याआमच्यासारखाच दिसतो. बाजार करतो, बिअर पितो. फक्त त्याच्या कोटाच्या डाव्या टोकातून पाणी ठिबकत राहते. म्हणून आमच्या व्रबोव गावात नवा माणूस आला की लोक आधी त्याचे तोंड पाहत नाहीत. कोटाचे डावे टोक पाहतात.

अपोलेनाचा नवरा टोबिआश हा तळ्याचा राखणदार होता, आणि तो व्रबोवचा नव्हता. जहागीरदाराने त्याला दुसरीकडून आणून बांधावरच्या झोपडीत ठेवले होते. जहागिरीच्या सगळ्या तळेराख्यांना हिरवा कोट मिळे. तो चिलीमही ओढायचा. आता यापुढे मी काय सांगू?

आणि तळेही साधे नव्हते. फार पूर्वी रोझम्बेर्क घराण्याच्या पदरी याकुब क्रचीन नावाचा एक माणूस होता. त्याने या भागात मोठमोठी तळी बांधली, ती आजही आहेत. आमचे तळेही त्याच्याच माणसांनी खणले असे गावात म्हणत. चिखलात राबलेल्यांना त्याचा राग होता. एवढे पाणी एका माणसाच्या हुकमाने अडते कसे, हे त्यांना समजेना. मग कोणीतरी म्हणाले, त्याने सैतानाला जीव विकला असणार. वादळी रात्री तो अजून बांध नांगरत फिरतो असे लोक सांगतात. मी त्याच बांधावर किती वर्षे राहिलो, मला तो कधी दिसला नाही. पण तो नव्हताच, असे मी व्रबोवमध्ये कोणाला पटवू शकलो नसतो. नुसता हिशेबी आणि कडक असा माणूस त्यांना पुरला नाही. त्यांना सैतान हवा होता.

झोपडीतले दिवस चांगले होते. सेंट मार्टिनच्या सणाला हंस कापत, आणि त्याची चरबी कढवून अपोलेना माझ्यात भरून ठेवी. वर झाकणी, झाकणीवर फडक्याचा दादरा, आणि दादऱ्याला दोरीची घट्ट गाठ. मांजर आणि उंदीर दोघांवरही तिचा विश्वास नव्हता. सकाळी ती दोन बोटांनी चरबी काढायची आणि पावाला फासायची. चमचा घेत नसे. टोबिआश म्हणायचा, "चमचे काय पाहुण्यांना ठेवलेत?" ती म्हणायची, "तू आहेस तोवर पाहुणे येतात कुठे?"

टोबिआशच्या कोटातून पाणी ठिबकायचे, हे खरे आहे. मी ते रोज पाहिले आहे. तळ्याच्या माणसाने माशाला कोरड्या हाताने धरायचे नसते. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मासा नंतर सडून मरतो. म्हणून टोबिआश कोटाच्या मागच्या खिशात कायम एक ओले फडके ठेवी. उजव्या हातात जाळे असायचे, म्हणून फडक्याचा खिसा डावीकडे. तो खिसा अपोलेनानेच दुहेरी कापडाचा शिवला होता. तरी तो गळायचा.

"उंबऱ्यावर पीळ आधी," ती ओरडायची. "आत्ताच पुसलंय मी."

तो उंबऱ्यावर उभा राहून कोटाचे टोक पिळायचा. बांधावरून जाणाऱ्या बायका ते बघायच्या आणि पाय उचलायच्या.

मग एका मार्चमध्ये अपोलेना गेली.

त्या सकाळी तिने पावाला चरबी लावली, झाकणी ठेवली, दादरा बांधला, गाठ मारली आणि धुण्याची टोपली घेऊन तळ्यावर गेली. धुण्याची फळी बर्फाने निसरडी झाली होती. टोबिआश तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, पाणी सोडायच्या दारावर होता. त्याला टोपली तरंगताना दिसली. ती स्वतः दुसऱ्या दिवशी बोरूच्या बेटात सापडली. त्यानेच तिला उचलून आणले.

मी यापेक्षा जास्त सांगू शकत नाही. तो घरी आला, चुलीपाशी बसला, आणि संध्याकाळी बटाटे सोलायला घेतले. दोघांचे सोलले. मग पातेल्यात बघत राहिला. पुढे कितीतरी महिने त्याचे हात दोघांचेच बटाटे सोलत.

माझ्यात अर्धी चरबी होती. त्याने मला उघडले नाही. पाव कोरडा खाल्ला. एकदा त्याने मला फळीवरून उतरवले, गाठीवर अंगठा ठेवला, आणि तसाच परत वर ठेवून दिला. तेव्हा मला समजले. ती गाठ तिने मारली होती. घरात तिने केलेली बाकी सगळी कामे हळूहळू मोडत होती. अंथरूण विस्कटले, चूल विझली, धुतलेले पुन्हा मळले. गाठ तेवढी तिने ठेवली तशी होती.

चरबीत तिच्या दोन बोटांची खूणही होती. हे त्याला माहीत नव्हते. मला आणि झाकणीला माहीत होते.

गावात बोलणे सुरू झाले ते आधी गिरणीवर. गिरणीवाला प्रोकोप टोबिआशवर आधीच चिडलेला होता. तळ्याचे दार कधी उघडायचे हे जहागीरदार ठरवी, पण गिरणीचे चाक थांबले की प्रोकोप शिव्या टोबिआशला देई. तो म्हणू लागला, जो माणूस डोळे मिटून हे तळे पार करतो, त्याला स्वतःची बायको एक दिवस सापडली नाही?

उन्हाळ्यात एका संध्याकाळी प्रोकोप झोपडीवर आला. बरोबर किलियान शिंपी होता, आणि बिअरचा जग. असे याआधी कधी कोणी आले नव्हते. मला तेव्हाच शंका आली.

"शेजारधर्म आहे," प्रोकोप म्हणाला. "एकटाच बसतोस. म्हटलं, सोबत करू."

"बसा," टोबिआश म्हणाला.

"किलियान म्हणत होता, तुझा कोट फार जुना झालाय. नवा शिवायचा तर माप घेऊन ठेवू. काढ बघू."

"कोट जहागिरीतून मिळतो."

"अरे माप घ्यायला काय जातं? माझा हात तरी चालू राहील," किलियान म्हणाला. त्याने कोट काढून घेतला, उलटसुलट केला आणि डावे टोक चिमटीत धरले. चुलीपुढे तासभर बसूनही ते ओलेच होते. त्याने प्रोकोपकडे पाहिले.

"हे का ओलं?"

"फडकं आहे खिशात. माशाला धरायचं." टोबिआशने फडके काढून दाखवले.

"फडकं तर वोदनिकही ठेवील," प्रोकोप हसत म्हणाला. "त्याला काय अक्कल नसते?"

"तर मग तू माझ्याकडे बिअर घेऊन कशाला आलास? बुडवीन की तुला त्या बिअरमध्येच."

तिघेही हसले. पण किलियानने फडके परत देताना टेबलावर ठेवले, हातात दिले नाही.

आणि तेवढ्यात ते घडले. दिवसभर ऊन होते. आतली चरबी सैल होऊन वितळू लागली होती, आणि तळाशी अडकलेली हवा वर येत होती. एक बुडबुडा फुटला. पुट्. आवाज अगदी बारीक होता. पण झोपडीही लहान होती.

"काय होतं ते?" किलियान म्हणाला.

"चरबी," टोबिआश म्हणाला. "उकाड्याने होतं."

"त्या झाकणीच्या मडक्यात?"

"हो."

"मग उघड की," प्रोकोप म्हणाला. "पाव आहे ना? लावू थोडी."

"नाही."

"का रे?"

"नाही म्हटलं ना."

"एवढी काय महागाची चरबी आहे?"

टोबिआश उठला आणि फळीपुढे पाठ करून उभा राहिला. मला त्याची मान दिसत होती. त्या वेळी त्याने नुसते सांगितले असते की ही माझ्या बायकोने मारलेली गाठ आहे, तर कदाचित सगळे तिथेच संपले असते. पण असे सांगताना माणसाचा आवाज फुटतो, आणि प्रोकोपपुढे त्याला तो फुटू द्यायचा नव्हता.  व्रबोवमध्ये कोणी बिअर अर्धी टाकून उठत नाही. त्या संध्याकाळी दोघे उठले.

त्याच उकाड्यात चरबी पूर्ण वितळली. पुन्हा थिजली तेव्हा वरचा थर सपाट झाला होता. अपोलेनाच्या दोन बोटांची खूण गेली. झाकणी आणि मी ते होताना पाहिले. कोणाला सांगता येण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून बायका आमच्या बाजूला धुणे धुवायला येईनात. मुले लांबून ओरडून पळत, "डावं टोक पीळ!" शरद ऋतूत तळे रिकामे करून मासे काढायचे असतात, आणि त्याला सगळे गाव लागते. प्रोकोप दारोदार सांगू लागला की त्याच्या हाताखाली चिखलात उतरू नका. जहागिरीच्या कारभाऱ्याने टोबिआशला बजावले, "मला वोदनिकबिदनिक काही माहीत नाही. पण माणसं आली नाहीत तर राखणदार बदलावा लागेल." म्हणजे झोपडी जाणार, तळे जाणार, चर्चच्या मागची अपोलेनाची कबर इथेच मागे राहणार.

पण या सगळ्यापेक्षा मला रोझालियाची भीती वाटे. ती रोज खिडकीशी येऊन उभी राहू लागली. टोबिआश तळ्यावर असताना यायची. ती चांगली बाई होती आणि तिला झोप येत नव्हती. काचेला तोंड लावून ती म्हणायची, "अपोलेना, आहेस का गं आत?"

मी मातीचा. काय बोलणार?

"थंडी वाजते का? एकदा वाज. प्रोकोपला ऐकू आलं तसं वाज."

मित्रांनो, माझ्यात काय आहे हे माझ्याइतके कोणाला माहीत असणार? हंसाची चरबी होती, आणि ती खवट व्हायला लागली होती. तरी तिने इतक्यांदा विचारले की मलाच शंका येऊ लागली. टोबिआश घरी आला की मीही त्याच्या कोटाचे डावे टोक पाहू लागलो. फडके त्याने खिशातून काढून वाळत घातले तरी ठिबकते का, ते बघू लागलो. इतकी वर्षे त्याच्या घरात राहून मी असा झालो, तर गावाला काय बोल लावू?

मासे काढायचा दिवस उजाडला. दार आधीच उघडून तळ्यातले पाणी सोडलेले होते, आणि मधोमध एका खळग्यात सगळे मासे जमून उसळत होते. कारभारी स्वतः आला होता म्हणून गावाला यावे लागले. खिडकीतून मला चिखलातले लोक दिसत होते. टोबिआशच्या दोन्ही बाजूंना जाळे धरायला कोणी नव्हते. सगळे पलीकडच्या टोकाला खेटून उभे होते.

झोपडीचे दार उघडले आणि रोझालिया आत आली. हाच दिवस तिने निवडला होता. पाणी नसले की वोदनिकचे बळ जाते, आणि तो कामात गुंतलेला असला की झाकणी उचलावी, असे तिला लहानपणापासून माहीत होते. तिने मला फळीवरून उतरवून टेबलावर ठेवले. माझ्यावर दोन्ही हात ठेवले आणि पुटपुटत प्रार्थना केली. मग सुरी शोधू लागली.

तेवढ्यात टोबिआश आला. कोणीतरी त्याला म्हातारी आत गेल्याचे सांगितले असावे. तो कमरेपर्यंत चिखलाने माखलेला होता आणि सगळ्या कोटातून पाणी निथळत होते. उंबऱ्यावर तो थांबला.

"आई, ठेवा ते."

"पुढे येऊ नकोस," रोझालिया म्हणाली. सुरी तिच्या हातात होती, पण ती त्याच्यासाठी नव्हती. दादऱ्यासाठी होती.

"आई, आत चरबी आहे."

"मग उघडू दे."

"नको."

"का नको? चरबीच आहे ना? मी तुझी सासू आहे, चोर नाही. चरबी बघितली तर काय बिघडतं तुझं?"

"तुम्ही गाठ कापाल."

"गाठीचं काय एवढं?"

त्याने चिखलाचे हात कोटाला पुसले. मग म्हणाला, "ती अपोलेनानं मारलीय. त्या दिवशी सकाळी."

मला वाटले, आता ती सुरी खाली ठेवील. तिने गाठीकडे पाहिले. हात फिरवला. डोळे भरले. पण ती म्हणाली, "मग तर उघडायलाच हवं. टोबिआश, ती तिथं असली तर? तुला नको तिला सोडायला, मला कळतं. मलाही नको वाटलं असतं. पण तिला तिथं कसं रे ठेवायचं?"

टोबिआशने तिच्याकडे पाहिले. त्याला पहिल्यांदाच दिसले असावे की ही बाई मार्चपासून झोपलेली नाही. प्रोकोपचा राग होता, किलियानचे कुतूहल होते, पण हिला फक्त तिची मुलगी हवी होती. तो आत आला.

"सुरी नको," तो म्हणाला. "हाताने सोडू."

गाठ सुटायला वेळ लागला. चरबी लागून आणि धूळ बसून ती दगडासारखी झाली होती. त्याची बोटे गारठलेली होती, तिची म्हातारी. एकदा तो सोडे, एकदा ती. शेवटी दोरी मोकळी झाली. त्याने ती ताणून सरळ केली नाही. वळलेली होती तशीच टेबलावर ठेवली.

झाकणी मात्र निघेना. खवट चरबीने ती माझ्या काठाला धरून होती. दोघांनी मिळून ओढली. ती एकदम सुटली, दोघांच्या हातांतून निसटली आणि दगडी जमिनीवर पडली. कोणाच्या हातून पडली ते मी सांगणार नाही. हात दोघांचेही होते.

मी तिच्याबरोबर एकाच भट्टीतून आलो होतो. तिचा तो आवाज मला अजून ओळखता येईल. त्याबद्दल एवढेच.

रोझालियाने जमिनीकडे पाहिलेही नाही. ती माझ्या तोंडावर वाकली होती. आत पिवळट, सपाट चरबी होती. झाकणी निघताना थोडी कोंडलेली हवा बाहेर पडली, तिच्या कपाळावरचा केस हलला. नुसती हवा होती. हवाच असणार.

"टोबिआश," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "गेली का रे?"

टोबिआशने माझ्यात पाहिले. त्याला चरबी दिसली. त्याला माहीत होते की तिथे कधी काही नव्हते. नाही म्हटले असते तर ते खरे झाले असते, आणि म्हातारी पुन्हा खिडक्यांपाशी, तळ्यापाशी, गावातल्या प्रत्येक झाकलेल्या भांड्यापाशी विचारत फिरली असती. हो म्हटले तर तो स्वतःच्या तोंडाने कबूल करणार होता की इतके दिवस त्याने तिला कोंडले होते. मग गाव त्याला काय म्हणेल, हे सांगायला नको.

"गेली," तो म्हणाला. "मी पाहिली. वर गेली."

रोझालिया खाली बसली आणि रडली. मोठ्याने नाही. रडता रडता ती स्टुलावरच झोपली, डोके टेबलावर ठेवून. टोबिआशने तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली, झाकणीचे तुकडे गोळा केले आणि चुलीसमोर बसून राहिला. तळ्यावर त्याला हाका मारत होते. तो गेला नाही.

मग ते इकडे आले. पुढे प्रोकोप होता, मागे किलियान, त्यांच्या मागे चिखलाने भरलेले आणखी काही जण. दार उघडेच होते. प्रोकोपने माझ्याकडे पाहिले. माझे तोंड उघडे होते.

"रोझालिया," तो म्हणाला. ती जागी झाली. "उघडलंस?"

"उघडलं."

"मग? काय निघालं?"

 मला वाटले, आता ती सांगणार. तिच्या दृष्टीने लेक मडक्यातून सुटून गेली होती, आणि वोदनिकने स्वतः कबुली दिली होती. टोबिआशलाही तेच वाटले असावे, कारण त्याने हातातले तुकडे खाली ठेवले आणि उठून उभा राहिला.

रोझालियाने घोंगडी नीट केली.

"चरबी," ती म्हणाली.

"चरबी?"

"हंसाची. खवट झालीय. वास येत नाही का तुला? काय निघायला हवं होतं, प्रोकोप? तुझी आई?"

मागे कोणीतरी हसले. प्रोकोप पुढे आला, माझ्यात वाकला, आणि नाक दाबून मागे सरला.

"आणि त्याच्या कोटाचं?" किलियान म्हणाला. "तो सारखा ठिबकतो ते?"

"तुझा बघ," रोझालिया म्हणाली. "चिखलातून आलास तर तुझाही ठिबकतोय. माझ्या लेकीची जमीन घाण केलीत सगळ्यांनी. जा, मासे मरतायत तिकडे. माझा जावई येतो आता."

ते गेले. बाहेर हसण्याचा आवाज आला, आणि कोणीतरी प्रोकोपला आईवरून चिडवत होते. रोझालियाने दार लावले. ती टोबिआशजवळ आली. त्याच्या तोंडाकडे न बघता तिने त्याच्या कोटाचे डावे टोक हातात घेतले आणि चुलीच्या राखेवर घट्ट पिळले.

"तू कोण आहेस ते मला कळलंय," ती म्हणाली. "पण सोडलंस ना तिला. मी कोणाला सांगणार नाही. जा आता कामाला."

  तो तळ्यावर गेला. खिडकीतून मी पाहिले, त्याच्या बाजूला दोघे जण जाळे धरायला येऊन उभे राहिले.

टोबिआश पुढे बरीच वर्षे त्या तळ्याचा राखणदार होता. रोझालिया त्याला दर रविवारी जेवायला बोलावी आणि शेवटपर्यंत त्याला वोदनिक समजे. त्याने तो गैरसमज कधी दूर केला नाही. तिने गावाला खरे सांगितले, आणि ते आपण खोटे सांगतो आहोत असे तिला वाटत होते. त्याने तिला खोटे सांगितले, आणि तेच तिला खरे वाटले. दोघांनी एकमेकांना असे सांभाळले. प्रोकोपला मात्र कधीच पटले नाही. म्हातारपणी तो प्रत्येक परक्या माणसाला सांगायचा की व्रबोवच्या झोपडीत वोदनिकचे मडके आहे. त्याच्याकडून ती गोष्ट इकडे आली, आणि मग ही पाटी झाली.

मित्रांनो, तुम्ही शंका घेऊ नका असे मी सांगणार नाही. मी स्वतः घेतली आहे, आणि अजून घेतो. पण कोणाच्या घरी एखादे झाकलेले भांडे दिसले, आणि तो ते उघडू देत नसेल, तर त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. त्याला काही लपवायचे असेल, किंवा काही जपायचे असेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. आणि उघडावेच लागले, तर गाठ कापू नका, हाताने सोडवा, आणि झाकणी नीट धरा. खाली दगडी जमीन असते.